रेडिएशन चालू असताना अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या?

कर्करोगाच्या रेडिएशन उपचारात क्ष-किरण पेशीच्या डीएनएवर थेट आघात करतात, पण बरेचसे काम अप्रत्यक्ष असते. किरणांमुळे पेशीतल्या पाण्यापासून हायड्रॉक्सिल रॅडिकल (अतिशय क्रियाशील कण) तयार होतात आणि ते डीएनए तोडतात. अँटिऑक्सिडंट नेमके हेच रॅडिकल टिपतात. अडचण अशी की गोळीला निरोगी पेशी आणि गाठ यांतला फरक कळत नाही, त्यामुळे ती गाठीलाही वाचवू शकते.

कॅनडात डोके-मानेच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांवर झालेली चाचणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. रोज ४०० आययू (आंतरराष्ट्रीय एकक) ई-जीवनसत्त्व, सोबत ३० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन हे दुसरे अँटिऑक्सिडंट (ते मध्येच थांबवले गेले). तीव्र दुष्परिणाम कमी झाले खरे, पण गाठ पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण वाढण्याकडे कल दिसला. उपचारादरम्यान धूम्रपान सुरू ठेवणाऱ्यांत हा तोटा ठळक होता. म्हणजे ‘त्रास कमी झाला’ हा गोळी चांगली असल्याचा पुरावा नव्हे!

ताटातली फळे-भाज्या बंद करू नका. प्रश्न मोठ्या डोसचा आहे. बाटलीवरचा ‘दैनंदिन गरजेच्या टक्के’ हा आकडा वाचा. १०० च्या आसपास असेल तर सहसा फारशी चिंता नसते, हजारात असेल तर सावध व्हा. ‘इम्युनिटी’, ‘डिटॉक्स’ अशा नावांच्या पावडरी आणि अर्क बहुतेकांच्या यादीतून सुटतात, कारण त्यांना कोणी औषध मानतच नाही. सगळ्या बाटल्या पिशवीत घालून प्लॅनिंगच्या भेटीलाच (रेडिएशन सुरू होण्याआधी त्याची आखणी होते तेव्हा) डॉक्टरांपुढे ठेवा. डॉक्टरांनीच लिहून दिलेले लोह किंवा बी-१२ मात्र परस्पर थांबवू नका.