होडी आणि तिची गाडी

ब्रिटनमध्ये समुद्रापासून सर्वांत लांबची जागा कुठली, हे इथल्या सरकारी नकाशेवाल्यांनी मोजून ठेवलंय. डर्बीशायरमध्ये कोटन इन द एल्म्स नावाचं गाव आहे, त्याच्याजवळचं एक शेत. तिथून समुद्र सुमारे ७० मैल, म्हणजे ११३ किलोमीटर. पुण्याहून कोकणचा किनारा सरळ रेषेत मोजला तर त्याहून थोडा कमीच भरतो. थोडक्यात, इथला सगळ्यांत समुद्रवंचित माणूस आणि सदाशिव पेठेतला माणूस जवळजवळ एकाच पायरीवर. तरी सदाशिव पेठेत कुणाच्या दारात ताडपत्रीखाली होडी झाकून ठेवलेली मी पाहिली नाही, आणि आमच्या लेस्टरमध्ये मात्र संध्याकाळी फिरायला निघालं की एखादी तरी दिसतेच. ताडपत्रीवर शेवाळ, ट्रेलरची चाकं बसलेली, खाली मांजर. समुद्र नाही, नदी नावापुरती, पण दारात होडी.

या वेडाचं निदान पुष्कळ अंशी १९६३ सालात सापडतं. त्या वर्षी ‘डेली मिरर’ या वर्तमानपत्राने सामान्य माणसाने घरी बांधावी म्हणून एक छोटी शिडाची होडी बाजारात आणली. आराखडा दोघांचा. जॅक हॉल्ट हा होड्यांचा जाणता, आणि बॅरी बकनेल हा टीव्हीवर घरदुरुस्ती शिकवणारा माणूस. जुन्या घरांच्या नक्षीदार दारांवर हार्डबोर्ड ठोकून ती गुळगुळीत करा, असं अख्ख्या देशाला पटवणारा तोच हा बकनेल. नंतरच्या पिढ्या ते हार्डबोर्ड उचकटताना त्याच्या नावाने बोटं मोडत आल्या आहेत. पण मिरर होडीने त्याचं बरंचसं पाप धुऊन निघालं असावं. किटची किंमत ६३ पौंड ११ शिलिंग, लांबी ११ फुटांना जरा कमी, नुसत्या होडीचं वजन साडेपंचेचाळीस किलो, शीड वर्तमानपत्राच्या रंगाला साजेसं लालभडक. अशा ७०,००० हून जास्त होड्या बांधल्या गेल्या, आणि त्यातल्या कितीतरी गॅरेजांत आणि दिवाणखान्यांत. एका शिक्षकाने तर मिरर घेऊन श्रॉपशायरहून निघून नद्या-कालव्यांतून आणि मधली इंग्लिश खाडी ओलांडून थेट काळा समुद्र गाठला. नाकाच्या जागी चपटी फळी असलेली ही होडी दिसायला काही देखणी नाही. पण काळ्या समुद्रापर्यंत गेलेल्याच्या नाकाबद्दल कोण बोलणार?

माझी होडी मिरर नव्हे, पण गोत्र तेच. आणि या गोत्राची रीत अशी आहे की होडी ठोकायची नाही, शिवायची.

होडी म्हटलं की आधी सांगाडा, मग त्यावर फळ्या, असं आपण धरून चाललेलो असतो. इथे सांगाडा नाहीच. सहा मिलिमीटर जाडीचं मरीन प्लायवूड घ्यायचं, आखल्याप्रमाणे तुकडे कापायचे, कडांना बारीक भोकं पाडायची आणि दोन कडा जुळवून तांब्याच्या तारेचे टाके घालायचे. तारेची दोन टोकं बाहेरच्या अंगाला ठेवून पकडीने पीळ द्यायचा. तळाचे दोन तुकडे एकावर एक ठेवून एका कडेने शिवतात आणि मग उघडतात. बाजूचे तुकडे त्याला जोडतात. टाके एका टोकाकडून घट्ट करत जायचं नाही. सगळे सैल ठेवायचे आणि पुन्हापुन्हा फेऱ्या मारत थोडेथोडे आवळायचे. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, प्लायवूड कुरकुरायला लागतं. आपलेही दात आवळले जातात. आणि मग कुठल्याशा फेरीला, काल रात्रीपर्यंत लाकडाचा ढीग असलेली वस्तू पोट काढून उभी राहते. एकही फळी वाफेवर किंवा साच्यावर वाकवलेली नसते. कड वाकडी कापलेली असते, ती सरळ कडेला जुळवताना पृष्ठभागाला फुगण्यावाचून इलाज राहत नाही.

हे मी बायकोला मोठ्या कौतुकाने समजावून सांगत होतो. तिने दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाली, “अरे, हे ब्लाउजला टक्स घालण्यासारखंच आहे की.” तसंच आहे. सपाट कापडातून गोलाई काढायची विद्या आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. ती शिकलेल्या बायकांना कुणी प्लायवूड आणून दिलं नाही, एवढंच.

देवगडच्या मामाला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तेव्हा त्याने बराच वेळ काही म्हटलं नाही. मग विचारलं, “होडी बांधतंस की कपाट?” मामाच्या डोक्यात होडी म्हणजे साग, ऐन, फणस, फटींत कापूस आणि राळ, वरून उंडीचं तेल. त्याला मी कौंडिण्यची आठवण करून दिली. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून गोव्यात बांधलेलं आणि मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालेलं ते जहाज शिवलेलंच आहे. फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना बांधलेल्या, खिळ्यांचं काम नाही. आपल्या किनाऱ्यावर ही कला फार जुनी. शिवलेलं जहाज लाटेबरोबर थोडं लवतं, खिळ्यांच्या जहाजासारखं अडून बसत नाही. मामा म्हणाला, “ता खरा. पण ती दोरी आसा, तुझी वायर.” त्याचं म्हणणं रास्त होतं. कौंडिण्यमध्ये दोरी हाच जोड आहे. माझ्याकडे तार फक्त पाहुणी, खरा जोड नंतर येणाऱ्या इपॉक्सीचा, म्हणजे दोन भाग मिसळून करायच्या गोंदाचा.

इपॉक्सीबद्दल लोक फार गोड बोलतात. मला तो आजही आवडत नाही. राळ आणि हार्डनर मापात मिसळले की घड्याळ सुरू होतं. कपात जास्त मिश्रण ठेवून आपण ब्रश शोधायला गेलो, तर ते स्वतःच्याच उष्णतेने तापून कपातच दगड होतं, कधीकधी धूरही काढतं. म्हणून पसरट ट्रेमध्ये ओतून ठेवायचं. लेस्टरच्या नोव्हेंबरात उलटा प्रकार. थंडीत ते ना धड ओतलं जातं, ना धड वाळतं. दमट रात्री वाळलंच तर वर एक मेणचट थर सोडतं. तो साध्या पाण्याने धुऊन काढावा लागतो, नाहीतर पुढचा रंग धरत नाही. आतल्या सांध्यांत भरायला त्यात बारीक पूड घालून चमच्यावरून घसरणार नाही इतकं घट्ट करायचं, गोल टोकाच्या काडीने एकसारखं ओढायचं, त्यावर काचेच्या धाग्यांची पट्टी बसवायची. मग बाहेरचे तारेचे शेपटे कापायचे आणि कानशीने घासायचे. घासून झाल्यावर सांध्यावर तांब्याचे ठिपके उरतात, एका ओळीत, टाचणीच्या डोक्याएवढे. रंग दिला तर झाकले जातात. मी तिथे व्हार्निश दिलं. बाकी सगळं काम कुणाला दिसलं नाही तरी चालेल, ठिपके दिसले पाहिजेत.

सँडपेपरबद्दल काही लिहीत नाही. ज्यांनी घासलंय त्यांना माहीत आहे, इतरांना सांगून उपयोग नाही.

“झाली की विकणार आहेस का?” असं बायकोने मध्यंतरी फार गोड आवाजात विचारलं होतं. इथला नियम असा की स्वतःसाठी बांधलेल्या होडीला सुरक्षिततेचं सरकारी प्रमाणपत्र लागत नाही, पण मग ती पाण्यात उतरवल्यापासून पाच वर्षं बाजारात आणता येत नाही. हे सांगितल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते कायद्याबद्दलचं प्रेम नव्हतं.

होडी बांधणाऱ्यांच्या गप्पांत ट्रेलरला फारसं स्थान नसतं. होडी म्हणजे कला आणि ट्रेलर म्हणजे भंगारातलं लोखंड. मला मात्र होडीइतकाच विचार ट्रेलरवर करावा लागला, आणि खरं सांगायचं तर जास्त मजा तिथे आली. पाणी होडीला तळाच्या इंचाइंचाला धरतं. सगळा भार एकाच जागी येत नाही. सहा मिलिमीटरचं प्लायवूड त्या भरवशावर निभावतं. तीच होडी ट्रेलरवर चढवली की सगळा भार दोन-तीन जागी येतो, आणि वर रस्त्याचे खड्डे. तेव्हा प्रश्न असा असतो की पाण्याचं काम लोखंडाकडून आणि रबराकडून जमेल तितकं कसं करून घ्यायचं.

पहिली गोष्ट, वजन कण्यावर, म्हणजे तळाच्या मधल्या रेषेवर. मधल्या रोलरांवर कणा टेकला पाहिजे, कारण होडीत तेवढीच जागा जाड लाकडाची. बाजूच्या गाद्यांनी नुसतं शेजारी उभं राहायचं, होडी कलली तर हात द्यायचा. गाद्या वर चढवून त्यांच्यावर होडी बसवली की घट्ट वाटते, आणि चार महिन्यांनी तळाला आतून पोक आलेला दिसतो. मी जुन्या गालिच्याचे तुकडे लावून त्या इतक्याच वर घेतल्या, की होडी आणि गादी यांच्यामध्ये पोस्टकार्ड सरकवलं तर जेमतेम अडेल.

दुसरी गोष्ट, तोल. ट्रेलरची पुढची मान गाडीच्या हुकावर थोडी दाबून बसली पाहिजे. एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के म्हणतात. मान हलकी पडली की वेगात ट्रेलरची शेपटी डावी-उजवी हलायला लागते आणि गाडीलाही हलवते. हे वजन मोजायला बाथरूममधला वजनकाटा पुरतो. हुकाच्या उंचीचा लाकडी ठोकळा काट्यावर उभा करायचा, त्यावर ट्रेलरची मान टेकवायची. मग होडी थोडी पुढे, थोडी मागे. वल्ही नाळेकडे ठेवली की आकडा चढतो, मागे ठेवली की उतरतो. आमच्या घरात त्या काट्याचा एवढा आनंददायक उपयोग दुसरा कुणी केलेला नाही.

पट्टे बांधताना प्रत्येकाला एक पीळ द्यायचा. सपाट पट्टा वाऱ्यात थरथरतो आणि वाटभर भुणभुणत राहतो. पिळलेला गप्प बसतो. मागे दिव्यांची फळी, लाल त्रिकोण, गाडीचाच नंबर लिहिलेली पाटी. वेग साध्या रस्त्याला ताशी ५० मैल, मोटरवेवर ६०, आणि तीन लेनचा रस्ता असेल तर उजवी लेन आपली नाही. म्हणजे मालट्रकांच्या सोबतीने जायचं. त्याची एरवी चिडचिड होते, पण मागे स्वतः शिवलेली होडी असली की आरशात तिच्याकडे बघायला निवांत वेळ मिळतो.

आमचं पाणी म्हणजे रटलंड वॉटर. १९७०च्या दशकात नदी अडवून केलेला तलाव. खाली हॅम्बल्टनची एक वस्ती अख्खी आणि दुसरी बरीचशी गेली, काठावर नॉर्मंटनचं चर्च उरलं. पानशेत-कोयनेकडच्या माणसाला ही गोष्ट नवी नाही. उतारावर गाडी मागे घेतली की ट्रेलर पाण्यात घालायचा नाही. प्रवासात चाकांची बेअरिंगं तापलेली असतात. गार पाण्यात बुडाली की आतली हवा आकसते आणि ती सिलातून पाणी आत खेचून घेतात. पुढे गंज, आणि मग कधीतरी भर मोटरवेवर चाक जाम. म्हणून शहाण्या ट्रेलरला दोन मजले असतात. खाली रस्त्याचा, वर एक हलकी ढकलगाडी. तीच तेवढी होडीसकट ओढून पाण्यात न्यायची. गुडघाभर पाण्यात दोन्ही हातांनी दांडा धरून ती ढकलत असताना एका पावलाला हातातलं वजन एकदम जातं. रोलर आणि कणा यांच्यात बोटभर पाणी शिरलेलं असतं. गालिच्याचे तुकडे, पोस्टकार्डं, वजनकाटा यांनी जे जमेल तितकं केलं होतं, ते पाणी एका दमात आणि पुरतं करून टाकतं.

आता नारळ. मामाची सक्त ताकीद होती, की नारळाशिवाय होडी पाण्यात घालायची नाही. नारळी पौर्णिमेची वाट बघत बसलो असतो तर इथला उन्हाळा हातचा गेला असता. लेस्टरमधल्या भारतीय दुकानांच्या बेलग्रेव्ह रोडवरून शेंडीवाला नारळ आणला. पण रटलंडचं पाणी पिण्याचं, त्यात नारळ सोडणं बरं नव्हे. फोडायचा तरी कशावर? नाळ प्लायवूडची, ती नारळाच्या आधी फुटायची. उतारावरचं काँक्रीट लोकांच्या पायाखालचं. इकडेतिकडे पाहताना गाडीचा हूक दिसला, पन्नास मिलिमीटरचा पोलादी गोळा, जणू याचसाठी बसवलेला. त्याच्यावर नारळ असा फुटला की पाणी पाटीवर, दिव्यांवर आणि दोन्ही चाकांवर उडालं. होडीवर थेंब नाही. बायको म्हणाली, “राहू दे, सगळी कामं त्या बिचाऱ्या ट्रेलरनेच केलीत.” तिने चाकांना हळदकुंकू लावलं.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ आपली जुनी मिरर उतरवत होते. त्यांना खोबऱ्याचा तुकडा दिला आणि हे काय चाललंय ते थोडक्यात सांगितलं. त्यांनी तो चावत चावत आमच्या चाकांकडे पाहिलं, मग स्वतःच्या ट्रेलरकडे, आणि विचारलं, की हे दर वर्षी करावं लागतं की एकदा केलं की पुरतं. कारण त्यांचं डावं बेअरिंग गेल्या हंगामापासून आवाज करतंय.