मारीचाचं हाड

मी पोचले तेव्हा हाडाला हळदकुंकू लागलेलं होतं. शेततळ्याच्या काठावर, लिंबाखाली, द्राक्षाच्या रिकाम्या क्रेटांवर गोणपाट अंथरून ते ठेवलं होतं. पुढ्यात फोडलेला नारळ, उदबत्त्या, आणि भोवती जवळजवळ सगळं गाव. फोन माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा होता. तो आता तिथल्या शाळेत मास्तर आहे. "मॅडम, आजच या. मारीच राक्षसाचं हाड सापडलं म्हणून उद्या मिरवणूक काढायचं चाललंय," एवढंच तो बोलला. मी दुपारचा तास दुसऱ्यांना देऊन निघाले. एमएची एक विद्यार्थिनीही सोबत आली.

नाशिकमध्ये पुरातत्त्व शिकवणाऱ्या माणसाला असे फोन नवे नाहीत. इथं पंचवटी आहे, सीतागुंफा आहे, तपोवन आहे; इगतपुरीकडं टाकेदला जटायूचं स्थान आहे. नांदूर मध्यमेश्वरला मृगव्याधेश्वराचं देऊळ आहे आणि रामानं सोन्याच्या हरणावर बाण सोडला तो याच भागात, असं पंचक्रोशीत मानतात. अशा ठिकाणी, गोदावरीच्या काठी, शेततळं खोदताना थोराड हाड निघालं तर लोकांच्या तोंडी दुसरं कुणाचं नाव येणार? मला त्याचं नवल वाटत नाही आणि रागही येत नाही. या कथा मी आजीकडून ऐकल्यात, त्या मला प्रिय आहेत. म्हणूनच त्यांच्या नावावर काहीही खपवलं जातं तेव्हा मनाला लागतं.

चपला काढल्या, हात लावू का म्हणून विचारलं आणि हाड पाहिलं. मांडीच्या हाडाचा वरचा तुकडा होता. खुब्यात बसणारा गोळा, त्याखाली आखूड मान, मग तुटलेली नळी. गोळा माझ्या दोन्ही पंजांत मावत नव्हता. उचलायला दोन माणसं लागली, कारण हाडाच्या छिद्रांत खनिजं भरून ते दगडासारखं जड झालं होतं. एका बाजूला चुनखडीचं पांढरं कवच घट्ट चिकटलेलं. माणसाच्या मांडीचं हाड ज्यानं चित्रात पाहिलंय त्याला हे हाड माणसाचंच वाटेल, फक्त कितीतरी मोठं. हत्तीचे पाय खांबासारखे सरळ अंगाखाली उभे असतात, त्यामुळं त्याच्या मांडीचं हाड लांब, सरळ आणि आपल्यासारखं दिसतं. जगभर राक्षसांची म्हणून दाखवलेली कित्येक हाडं हत्तीकुळातल्या प्राण्यांची निघाली आहेत.

एका पोरानं मोबाइल पुढं केला. "हे बघा मॅडम, घटोत्कचाचा सांगाडा. हे खोटं का?" ते चित्र मला ओळखीचं होतं. 2002 मध्ये फोटोत फेरफार करण्याच्या एका इंटरनेट स्पर्धेसाठी ते बनवलेलं आहे. मूळ फोटो अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात 2000 मध्ये झालेल्या मॅस्टोडॉनच्या उत्खननाचा. मॅस्टोडॉन म्हणजे हत्तीचा नामशेष झालेला भाऊबंद. त्यात माणसाचा सांगाडा मोठा करून बसवला. मी हे सांगितलं तेव्हा पोरगा गप्प झाला, पण शेजारचा म्हणाला, "तो खोटा असंल. हे तर आपल्या शेतातलं हाय." त्याचं म्हणणं बरोबर होतं. एक चित्र बनावट निघालं म्हणून समोरच्या हाडाचा निकाल लागत नाही.

मग पुढं आला तो रामायण खरोखर वाचलेला तरुण. त्यानं शांतपणे सांगितलं की बाण लागल्यावर मारीच हरणाचं रूप टाकून मूळ राक्षसरूपात आला, असं वाल्मीकींनीच लिहिलंय, आणि म्हणून हाड एवढं मोठं. अरण्यकांडात तसं आहेच.

"बरं, आणि लहान हाड निघालं असतं तर?" मी विचारलं.

"तर हरणाचं."

"आणि मधल्या मापाचं?"

मागून कुणीतरी म्हणालं, "रूप बदलता बदलता मेला आसंल." सगळे हसले, तोही हसला. पण मला जे विचारायचं होतं ते हेच होतं. कुठलंही हाड निघालं तरी दावा खराच ठरणार असेल, तर या हाडानं नेमकं काय सिद्ध केलं? मी हे तिथंच, सगळ्यांसमोर विचारलं. तरुणानं वाद घातला नाही. तो विचारात पडला, आणि नंतर मोजमापं घेताना टेपचं दुसरं टोक त्यानंच धरलं.

"मग नाशकात पांडवलेणी कशी?" एका काकांनी विचारलं. पांडव राहिल्याशिवाय नाव पडेल का, असा त्यांचा रोख होता. त्यांना मी दहाव्या लेण्यातल्या उषवदाताच्या शिलालेखाबद्दल सांगितलं. क्षत्रप राजा नहपानाचा हा जावई. त्यानं लेणं खोदवून बौद्ध भिक्षुसंघाला दिलं आणि तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायमची ठेव म्हणून विणकरांच्या श्रेणींकडं, त्यांच्या व्यवसायसंघांकडं, ठेवले. दोन हजार महिना शेकडा एक व्याजानं, एक हजार पाऊण टक्क्यानं. त्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या चिवरांचा, म्हणजे वस्त्रांचा, आणि इतर किरकोळ खर्च भागायचा. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीनं आपल्या मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं, वर्णन कोरून घेतलंय. डोंगरावर हे सगळं स्पष्ट वाचता येतं, आणि लेणी पांडवांची असं त्या लेखांत कुठंही नाही; अर्जुन-भीमसेनांची नावं येतात ती फक्त राजाच्या पराक्रमाला उपमा म्हणून. पांडवलेणी हे नाव लोकांनी पुढं दिलं, बहुधा एवढं अवघड काम साध्या माणसांचं असेल हे पटेना म्हणून. मला तर विणकरांचा व्याजदर कोरून ठेवणारी माणसं भीमापेक्षा कमी अद्भुत वाटत नाहीत.

तेवढ्यात एका वाहिनीचा वार्ताहर आला. त्याला माझ्याकडून एकच वाक्य हवं होतं. "मॅडम, हे रामायणकालीन असण्याची शक्यता नाकारता येत नाही, एवढंच म्हणा." वाक्य निरुपद्रवी दिसतं. शक्यता कशाचीच पूर्ण नाकारता येत नाही, त्यामुळं म्हणणारा खोटंही बोलत नाही. पण संध्याकाळी पडद्यावर 'तज्ज्ञांचा दुजोरा' झळकतो. पुराणकथांवरून झालेले कितीतरी मोठे दावे याच वाक्यावर उभे आहेत, हे मला वर्षानुवर्षं दिसतंय. मी त्याला सांगितलं, "हे हाड मोठ्या प्राण्याचं आहे, बहुधा हत्तीचं, आणि अश्मीभूत झालंय. ते मारीचाचं आहे याला आज इथं एकही पुरावा नाही. ही दोन वाक्यं दाखवा, नाहीतर मला दाखवू नका." त्यानं मला दाखवलं नाही.

गर्दीत पुढं पाट टाकून बसलेले एक म्हातारे बाबा होते. शेताच्या मालकाचे वडील. त्यांनी हळूच विचारलं, "म्हंजे बाई, मारीच खोटा म्हनायचा का?"

मी त्यांच्याजवळ खाली बसले. "बाबा, मारीचाबद्दल मी काहीच म्हणत नाही. तुम्ही पोथी वाचता, त्यात तो आहे. मी फक्त या हाडाचं बोलतेय. हे कुठल्या मातीतून निघालं, ते तुम्ही मला सांगा."

त्यानंतरचा अर्धा तास म्हणजे त्या दिवसाचं खरं काम. बाबांनी तरुणपणी पंचक्रोशीतल्या विहिरी खोदल्या होत्या. वर काळी माती, मग पिवळी, दोन परसावर, म्हणजे दोन पुरुष खोलीवर, चुनखडीचे गोटे, त्याखाली वाळू आणि घट्ट बसलेली गोट्यांची भर, असे थर त्यांनी न पाहता सांगितले. कुठल्या विहिरीला कुठला थर वर येतो हेही सांगितलं. मग आम्ही शेततळ्यात उतरलो. जेसीबीचा ऑपरेटर बिचारा घाबरून बाजूला उभा होता. आपल्या हातून पाप घडलं असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. खरं तर तोच सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार होता. बकेट कुठं अडली, आवाज कसा आला, हाड उभं होतं की आडवं, हे त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. त्यानं दाखवलेल्या जागी, बाबांच्या चुनखडीच्या थराच्या खाली, वाळूमिश्रित भरीत नळीचा उरलेला तुकडा अजून भिंतीतच रुतलेला होता. तो मी काढू दिला नाही.

"मॅडम, काढलं तर बिघडतं काय?" मास्तरनं विचारलं. मी त्याला गुजरातजवळच्या खंबातच्या आखाताची आठवण करून दिली. 2002 च्या सुरुवातीला तिथं समुद्राखाली साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं नगर सापडल्याची घोषणा झाली होती. लगेच काहींनी ते नगर थेट द्वारकेशी जोडलं. काळ ठरवला होता तळ खरवडून वर काढलेल्या लाकडाच्या तुकड्यावरून. पण तिथल्या जोरदार भरती-ओहोटीत ते लाकूड कुठून वाहत आलं, कशासोबत पडलं होतं, हे कोण सांगणार? वय लाकडाचं निघालं, नगराचं नव्हे.

"पण ट्रॉय तर होमरच्या महाकाव्यावरूनच सापडलं ना?" मास्तर सोडायला तयार नव्हता, आणि मला ते आवडलं. श्लीमन हा जर्मन हौशी उत्खनक 1870 पासून आजच्या तुर्कस्तानातल्या हिसार्लिकला खोदत होता, 1873 मध्ये त्याला सोनं मिळालं आणि त्यानं ते महाकाव्यातल्या ट्रॉयच्या राजाचं, प्रायमचं, ठरवून टाकलं. ते निघालं तळापासून दुसऱ्या थरातलं, ट्रोजन युद्धाचा जो काळ मानतात त्याच्या हजाराहून अधिक वर्षं आधीचं. आणि ते शोधायच्या घाईत त्यानं वरचे थर मोठा चर पाडून उडवले, ज्यात त्याला हव्या असलेल्या काळाचेही अवशेष होते. महाकाव्यानं त्याला जागा दाखवली असेल. काळ दाखवला तो मातीनं.

या पट्ट्यातला गाळही बोलका आहे. पिलग्रिम या भूवैज्ञानिकानं 1905 मध्येच गोदावरीच्या जुन्या गाळातून, नांदूर मध्यमेश्वरजवळून, नामशेष हत्तीच्या अवशेषांची नोंद केली होती. हे मी सांगताच माझ्या विद्यार्थिनीचे डोळे चमकले. "मॅडम, मग पूर्वी अशीच हाडं बघून मारीचाची कथा इथं रुजली असेल!" कल्पना सुंदर आहे आणि आपल्यासारख्यांना ती फार चटकन पटते. पण पूर्वी कुणी हाड पाहिलं, त्याला मारीचाचं म्हटलं, याची एखादी जुनी नोंद, एखादी ओवी, देवळात जपलेला एखादा तुकडा आहे का? गोदावरीच्या खालच्या अंगाला कायगाव टोक्यालाही त्याच हरणाची कथा सांगतात. तिथं कुठल्या हाडावरून रुजली? मी तिला म्हटलं, त्या तरुणाला जो प्रश्न विचारला तोच स्वतःला विचार. तिनं वहीत तो प्रश्न लिहून घेतला. 

संध्याकाळी मापं, फोटो, थरांचं रेखाटन झालं. तहसीलदारांना लेखी कळवायचं ठरलं. हाड शाळेत हलवलं. हळदकुंकू मी पुसलं नाही, पुसायला सांगितलंही नाही. मिरवणूक निघाली नाही, पण फलक छापून आला होता, तो दोन दिवस चौकात होता.

पुढं पुण्याहून जीवाश्मांचे एक अभ्यासक येऊन गेले. हाड हत्तीचं, हे त्यांनी नक्की केलं. नामशेष जातीचं असावं, पण एवढ्या तुकड्यावरून जात ठरवायला ते तयार झाले नाहीत. दाढ मिळाली तर सांगता येईल म्हणाले. हत्तीची दाढ कशी असते, आडव्या वळ्यावळ्यांची, हे मास्तरनं बाबांना चित्र दाखवून समजावलं. बाबा म्हणाले, असला दगड आमच्या जुन्या विहिरीवर होता, बाया त्यावर टाचा घासायच्या. विहीर बुजवली तेव्हा तो कुणी घरी नेला हे त्यांना आठवत नाही. मास्तर आता गावात घरोघर विचारत फिरतोय.