अंगावर येणे, अंगावर जाणे

वडोदरा, गुरुवार, रात्री साडेदहा

आज दुपारी लसीकरणाच्या खोलीबाहेरच्या बाकावर माझ्या एम.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थिनीने एका बाळंतिणीला दहा प्रश्न विचारले. शेजारी बसून ते ऐकताना मला माझ्या पीएच.डी.चे पहिले वर्ष इतके स्पष्ट आठवले की ते लिहून ठेवल्याशिवाय आज झोप येणार नाही.

ही प्रश्नावली एडिंबराची. १९८७ साली ती प्रसिद्ध झाली आणि बाळंतपणानंतरच्या नैराश्याची चाहूल घेण्यासाठी आज ती जगभर वापरली जाते. मागच्या सात दिवसांविषयी दहा प्रश्न, प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. कागदावर काम सोपे दिसते. सहावा प्रश्न मात्र एका इंग्रजी वाक्प्रचारावर उभा आहे, ‘थिंग्ज हॅव बीन गेटिंग ऑन टॉप ऑफ मी’. मी इथल्याच दांडिया बाजार भागात मराठीत वाढलेली असल्यामुळे मला वाटले की आपल्या भाषेत याला अगदी नेमका शब्द आहे, म्हणून मराठी घरांसाठीच्या कच्च्या प्रतीत मी समाधानाने लिहिले, ‘सगळं अंगावर आल्यासारखं वाटतं का?’ रावपुऱ्यातल्या एका घरी, शेगडीच्या उबेत बसलेल्या बाळंतिणीला मी हा प्रश्न पहिल्यांदा विचारला. तिने जराही न अडखळता सांगितले, “हो ताई, पहिले आठ दिवस फार जात होतं, आता कमी झालंय.”

तिचे काहीच चुकले नव्हते. ओल्या बाळंतिणीच्या घरात ‘अंगावर’ हा शब्द दोनच कामांचा असतो, अंगावर जाणे, म्हणजे रक्त जाणे, आणि अंगावर पाजणे. मनावरचे ओझे त्या शब्दात मी पाहत होते, ती पाहत नव्हती. त्या संध्याकाळी मी तो प्रश्न खोडून ‘रोजचं सगळं झेपेनासं झालंय का?’ असा केला, आणि पुढच्या प्रत्येक घरी बायका या प्रश्नापाशी थोड्या थांबू लागल्या. ते थांबणे मी वहीत टिपून ठेवत असे. गुणांच्या रकान्यात त्याला जागा नव्हती.

मनाच्या या विषयाकडे मी उशिरा वळले. एम.एस्सी.ला माझा विषय प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हा होता. पाचशे मिलिलिटरच्या वर रक्त गेले की धोक्याची घंटा वाजायला हवी, पण चादरीवरचे, फरशीवरचे रक्त नुसत्या नजरेने जोखले की अंदाज बहुधा कमीच निघतो. त्या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या अभ्यासाने मला अक्षरशः झपाटले होते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १,६२० स्त्रिया होत्या, आणि रक्तस्राव रोखणाऱ्या मायसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्यावर अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. गोळ्या देणाऱ्या आणि बाळंतिणीच्या अंगाखाली खुणा केलेली पिशवी लावून रक्त मोजणाऱ्या, दोन्ही एएनएमच, म्हणजे गावपातळीवरच्या परिचारिकाच होत्या. गावातल्या घरात आणि उपकेंद्रात उभ्या असलेल्या परिचारिकेच्या हातून इतके भक्कम शास्त्र उभे राहू शकते, याचा मला आजही अभिमान वाटतो.

भारतातला माता मृत्यूचा आकडा २०१४–१६ मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे १३० होता, २०१८–२० मध्ये तो ९७ झाला. गुजरातचा त्या वेळी ५७ होता. मी वर्गात हे आकडे फळ्यावर लिहिते तेव्हा खरोखर आवाज भरून येतो, कारण त्यातला कमी झालेला एकेक अंक म्हणजे आई परत आलेले एकेक घर आहे. पण घरी परत आलेल्या त्या बाईचे पुढे काय झाले, हे तो आकडा सांगत नाही. एका निवड समितीत मला विचारले गेले होते की नुसते प्रश्न विचारण्यात संशोधन ते कोणते. तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. आज देईन. रक्त मोजायला पिशवी आहे. मन मोजायला प्रश्नच आहे, म्हणून तो प्रश्न पिशवीवरच्या खुणांइतकाच काटेकोर असावा लागतो.

आणि तो कुठे विचारला जातो, यावरही बरेच अवलंबून असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुतेकींना रडू येते आणि ते पंधरवड्यात ओसरतेही, त्यामुळे वॉर्डात घाईने विचारून हाती फारसे लागत नाही. नंतर विचारायला जावे तर पहिलटकरीण माहेरी, कोणी नाशिकला, कोणी सुरतेला. माझ्या प्रबंधातले निम्मे कष्ट बायकांचा पत्ता शोधण्यात गेले. शेवटी सापडली ती दीड महिन्याची लस. सव्वा महिना पाळून झालेला असतो, बाई पहिल्यांदाच उंबरा ओलांडते, आणि ती जिथे असेल तिथे बाळाला टोचायला आणलेच जाते.

आजची बाई छोटाउदेपूरकडची होती. शेजारी सासू बसली होती, त्यामुळे पहिल्या पाच प्रश्नांना एकच उत्तर आले, “सारुं छे, बेन.” माझ्या विद्यार्थिनीने कागद पालथा घातला, बाळ उचलून सासूच्या मांडीवर दिले आणि तिला वजनकाट्याच्या रांगेत पाठवले. मग तिने ते पाच प्रश्न पुन्हा, हळू आवाजात, पहिल्यापासून विचारले. तिला हे मी शिकवले नव्हते. दहावा प्रश्न स्वतःला इजा करून घेण्याच्या विचाराचा आहे, आणि त्याला शून्याखेरीज कोणतेही उत्तर आले तर बाकीची बेरीज न पाहता त्याच दिवशी हालचाल करावी लागते. ती बाई बराच वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग तिने मान हलवली.

आम्ही दोघी तिला घेऊन मानसोपचार विभागात गेलो. वाटेत मी नवऱ्याला फोन लावून बोलावून घेतले. तो आला तेव्हा डॉक्टरांनी त्याला सगळे नीट समजावून सांगितले, आणि तो खाली मान घालून ऐकत होता. सोमवारी पुन्हा बोलावले आहे. त्या आधी शनिवारी मी स्वतः फोन करणार आहे.

आमच्या विद्यार्थिनींच्या नोंदवहीत किती प्रसूती केल्या, किती पाहिल्या, किती टाके घातले यांचे रकाने आहेत. आज तिने मला विचारले, “मॅडम, आजचं काम कुठल्या रकान्यात लिहू?” मी तिला पान मागून घेतले आणि पट्टीने एक नवी रेघ मारली. वर काय शीर्षक लिहायचे, ते अजून सुचलेले नाही.