ठोके सापडेपर्यंत

मंगळवार, रात्री साडेदहा. ३३ आठवडे, २ दिवस.

आज बाळाचे ठोके सापडायला वेळ लागला. किती लागला ते माहीत नाही, कारण भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवूनच गेले होते. सिस्टरने पोटावर जेल लावलं, प्रोब डावीकडे ठेवला, मग बेंबीखाली, मग उजवीकडे. नुसती खरखर. मध्येच माझ्याच नाडीचा संथ आवाज, की पुन्हा खरखर. ती काही बोलत नव्हती. तिच्या कपाळाला आठी पडली होती आणि मी त्या आठीकडे बघत श्वास धरून पडले होते.

मग एकदम सापडले. १४४. गणपतीच्या आधी ब्लाउजांच्या ऑर्डरी पुऱ्या करताना आईचं शिलाई मशीन रात्री असंच चालायचं.

"हे काय, आहेत की. उगाच घाबरता तुम्ही," सिस्टर म्हणाली.

उगाच नाही. दोन वर्षांपूर्वी, ३५वा आठवडा संपून एक दिवस झाला होता, तेव्हा अशाच एका पलंगावर ते सापडले नव्हते. त्या दिवशीही कोणी बोललं नव्हतं. एका सिस्टरने दुसरीला बोलावलं, दुसरीने डॉक्टरांना. तिघांनी आळीपाळीने प्रोब फिरवला. कोणी सांगायच्या आधीच मला कळलं होतं, कारण खोलीतलं कोणीच माझ्याकडे बघत नव्हतं.

यावेळी पहिल्यापासून सगळं काटेकोर आहे. बाराव्या आठवड्यापासून रात्री ऍस्पिरिन, बीपीची गोळी दिवसातून तीनदा, आठवड्याला डॉपलर, म्हणजे नाळेतला रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी, आणि मंगळवारी-शुक्रवारी ही एनएसटी, म्हणजे नॉन-स्ट्रेस टेस्ट. दोन पट्टे बांधतात, एक बाळाच्या ठोक्यांसाठी, दुसरा पोट कडक होतंय का ते बघायला. हातात एक बटण देतात, बाळ हललं की दाबायचं. ठोके ११० ते १६० च्या मधे हवेत आणि २० मिनिटांत निदान दोनदा ते १५ ने वर जाऊन १५ सेकंद वर टिकायला हवेत. मग कागदावर 'रिऍक्टिव्ह', म्हणजे ठीक, असं लिहून सही होते. पोटातलं बाळ एका वेळी २० ते ४० मिनिटं झोपतं, त्यामुळे कधी कधी त्याच्या उठण्याची वाट बघावी लागते. आज आम्ही ४० मिनिटं बघितली. शेवटच्या दहा मिनिटांत तीनदा उसळी आली. तिन्ही वेळा बटण दाबताना माझा अंगठा थरथरत होता.

शुक्रवार. ३३ आठवडे, ५ दिवस.

पहाटेपासून पाऊस. विक्रोळीहून परळपर्यंत स्लो गाडीला एक तासाच्या वर लागला. मी दिव्यांगांच्या डब्यात चढते, गरोदर बायकांना तिथे मुभा आहे. कुबडी घेतलेल्या एका काकांनी सरकून जागा दिली आणि विचारलं, "कितवा?" "आठवा," मी म्हटलं. "पहिलंच का?"

मी हो म्हणाले.

घाटकोपर गेलं, कुर्ला गेलं, शीवला गाडी थांबून राहिली. त्या सबंध वेळात मला वाटत होतं की उठून त्यांना सांगावं, नाही काका, दुसरं. एका 'हो'ने मी तिला पुसून टाकलं होतं. एनएसटी चांगली आली. घरी येऊन पडून राहिले.

रविवार, सकाळ. ३४ आठवडे पूर्ण.

रात्री जेवणानंतर बाळ हललं नाही. बारा वाजले, एक वाजला. थंड पाणी प्यायले, केळं खाल्लं, डाव्या कुशीवर झोपून मोजायला लागले. दोन तासांत दहा हालचाली व्हाव्यात असा हिशोब मला दिलेला आहे. पाऊण तासात एकही नाही.

कपाटात साड्यांच्या मागे एक घरगुती डॉपलर आहे, ठोके ऐकायचं छोटं यंत्र. विसाव्या आठवड्यात मी तो ऑनलाइन मागवला आणि घरात कोणाला सांगितलं नाही. सुरुवातीला रोज रात्री एकदा ऐकायचे. मग दोनदा. मग शाळेत नेऊन मधल्या सुट्टीत, शिक्षक खोलीच्या बाथरूममध्ये. डॉक्टरांना कळलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मला त्या यंत्राची भीती वाटते, कारण त्याचा आवाज ऐकून तुम्ही घरी थांबाल." अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्येच लोकांना सांगितलं होतं की हे घरी वापरू नका, हेही त्यांच्याकडूनच कळलं. ठोके आहेत म्हणजे बाळ ठीक आहे असं नसतं. आणि न शिकलेल्या हाताला आईचीच नाडी किंवा वारेतल्या रक्ताचा आवाज बाळाचा वाटू शकतो.

सगळं माहीत असून रात्री दोन वाजता मी तो काढला. जेल संपलं होतं, खोबरेल तेल लावलं. आकडा आला ९४. डाव्या मनगटावर बोट ठेवलं, तीच लय. म्हणजे माझी. पुन्हा शोधलं, पुन्हा माझी. अंगाला दरदरून घाम सुटला. मग खूप खाली, अगदी बारीक, १३८. आणि काय सांगू, हायसं वाटून मी उशीवर डोकं टेकलंसुद्धा. डोळे मिटले. मग डॉक्टरांचं ते वाक्य आठवलं. बाळ अजूनही हललं नव्हतं.

नवऱ्याला उठवलं. त्याने एक प्रश्न विचारला नाही, फाइल उचलली आणि टॅक्सी बोलावली. हायवेवर चिटपाखरू नव्हतं. वायपरची खरखर मला सहन होईना, पण थांबवा कसं म्हणणार, समोरचं काही दिसत नव्हतं. साडेतीनला पट्टे बांधले. पाच मिनिटांतच बाळाने अशी लाथ मारली की प्रोब सरकला.

ड्युटीवरच्या डॉक्टर माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील. मी "सॉरी, उगाच आलो" म्हणायला लागले, तर म्हणाल्या, "आलात ते बरं केलंत. पुन्हा असं वाटलं तर पुन्हा या. पहाटे चारला वाटलं तरी या." मला रडू आवरलं नाही.

घरी आल्यावर नवऱ्याने ते यंत्र माळ्यावर ठेवलं. स्टूलही खाली नेऊन शेजाऱ्यांकडे दिलं.

मंगळवार. ३४ आठवडे, २ दिवस.

मी सातवीला विज्ञान शिकवते. आपण मोजतोय त्याने नेमकं काय कळतं, हा प्रश्न मुलांना सारखा विचारते. म्हणून रात्री झोप येत नाही तेव्हा वाचत बसते. डब्लिनमध्ये जवळजवळ तेरा हजार बायकांची बाळंतपणं अभ्यासून १९८५ मध्ये एक मोठा निष्कर्ष आला होता. कळांच्या वेळी सतत यंत्र लावलेल्या आणि ठरावीक वेळाने साध्या पद्धतीने ठोके ऐकलेल्या बायकांची तुलना होती. यंत्र लावलेल्या गटात नवजात बाळांना झटके कमी आले, पण बाळं दगावण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. आणि कळा सुरू होण्याआधीच्या एनएसटीबद्दल तर, तिच्यामुळे बाळं वाचतात असा ठाम पुरावा मला कुठे सापडला नाही.

आज डॉक्टरांना सरळ विचारलं. मग मी आठवड्यातून दोनदा का येते?

त्यांनी पेन खाली ठेवलं. "चांगल्या कागदावर मला बऱ्यापैकी विश्वास ठेवता येतो. वाईट कागदावर तितका नाही. कागद वाईट आला तरी बहुतेक वेळा बाळ ठीक असतं, झोपलेलं असतं. तेव्हा मी सोनोग्राफी करते, पाणी बघते, श्वासाच्या हालचाली बघते, नाळेतला प्रवाह बघते. तुमच्या बाबतीत मी एकाच गोष्टीवर कधीच ठरवणार नाही."

हे कोणी मला आधी सांगितलं असतं तर! प्रत्येक वेळी कागदावरची रेघ सपाट झाली की मला ती निकालाची रेघ वाटायची. ती पुढचा प्रश्न विचारायची रेघ आहे. घरी येताना बऱ्याच दिवसांनी परळ स्टेशनबाहेर उभं राहून मक्याचं कणीस खाल्लं.

बुधवार. ३४ आठवडे, ३ दिवस.

डॉपलरचा दिवस. आधी एफ फॉर्म. मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही, अशी सही. या पोटासाठी कितव्यांदा केली, मोजलेलं नाही. भिंतीवर तोच फलक. गर्भलिंग तपासणीविरुद्धचा कायदा देशात १९९४ मध्ये झाला, आणि महाराष्ट्राने त्याच्या सहा वर्षं आधी, १९८८ मध्ये, स्वतःचा केला होता. मला त्याचा अभिमान आहे. माझ्या वर्गात वीस मुली बसतात. ती सही मी मनापासून करते.

पण आत गेलं की स्क्रीन पलीकडे फिरवलेला असतो. डॉक्टर मदतनिसाला इंग्रजीत आकडे सांगतात, बाकी शब्द नाही. त्या गप्प का असतात ते मला समजतं. चुकून एखादा शब्द निघाला तर, ही भीती त्यांनाही असेल. मात्र कायद्याने मना केलंय ते एकच सांगायला, मुलगा की मुलगी. ठोके आहेत, हे सांगायला त्याने कुठे मना केलंय? त्या एका गोष्टीसाठी ठेवलेलं मौन सगळ्या खोलीवर पसरतं, आणि जिने एकदा त्या मौनातच सगळं गमावलंय तिला दोन्ही मौनं सारखीच ऐकू येतात.

मागच्या वेळी ती मुलगी होती, हे मला ती जन्मल्यावर कळलं. त्या दिवशी मला सांगितलेली ती एकच नवी गोष्ट होती.

आज पडल्या पडल्या मी म्हणाले, "मॅडम, माझं पहिलं बाळ पोटात गेलं. आधी ठोके आहेत का तेवढं सांगाल? मग कितीही वेळ गप्प राहा."

त्यांचा हात थांबला. मग प्रोब टेकवला आणि लगेच म्हणाल्या, "आहेत. छान आहेत." आणि आपण होऊन आवाज चालू केला.

वजन १ किलो ९५०. थोडं कमी आहे, पण नाळेतला प्रवाह व्यवस्थित. पाणी पुरेसं.

शुक्रवार. ३४ आठवडे, ५ दिवस.

सिस्टरलाही विचारलं. शोधताना बोलत राहाल का? तिला आधी राग आल्यासारखा वाटला. मग म्हणाली, "आम्हाला वाटतं, आपण गप्प राहिलो की पेशंट घाबरत नाही." बाहेर बाकावर वीसएक जणी तरी बसल्या होत्या. तिचा दिवस कसा जात असेल ते मला दिसत होतं, आणि त्यात मी हे आणखी एक मागत होते. पण तिने केलं. "आता मी बाळाची पाठ शोधतेय. पाठीवरून आवाज नीट येतो. इथे हातपाय लागतायत. जरा खाली जाते. अजून खाली." तितकाच वेळ लागला असेल, पण मी श्वास घेत होते.

सोमवार. ३५ आठवडे, १ दिवस.

आजचा दिवस.

सासूबाईंचा चिपळूणहून फोन आला नाही. रोज सकाळी येतो आणि पहिलं वाक्य "हललं का गं?" असतं. आईचंही तेच, नणंदेचंही. सगळे मायेनेच विचारतात, पण प्रत्येक फोननंतर मी पुन्हा मोजायला बसते. गेल्या आठवड्यात नवऱ्याने त्यांना सांगितलं असावं. संध्याकाळी फोन आला तेव्हा त्या वेगळंच बोलल्या. अंगणातल्या जास्वंदीबद्दल, पावसाबद्दल. मग म्हणाल्या, "आज तिची आठवण काढून दिवा लावलाय मी."

सातव्या महिन्यात मी डोहाळजेवण नको म्हटलं होतं. मागचं थाटात झालं होतं, हिरवी साडी, फुलांची वाडी, चाळीस माणसं. यावेळी सासूबाई एक दिवस नुसत्याच आल्या आणि दिवेलागणीला, घरात आम्ही दोघीच असताना, तांदूळ-नारळाने माझी ओटी भरली. फोटो नाही, गाणी नाहीत. तेव्हाही त्या काही बोलल्या नव्हत्या, आणि त्यांच्या त्या गप्प राहण्याने मला अजिबात भीती वाटली नव्हती. आज दिवसभर मी त्याचाच विचार करत होते.

मंगळवार, दुपार. ३५ आठवडे, २ दिवस.

इतक्या दिवसांचं बाळ माझ्या पोटात याआधी कधी नव्हतं.

एनएसटीच्या खोलीत चार पलंग, मधे पडदे, सगळी यंत्रं एकदमच चालू. स्वतःचे ठोके लागेपर्यंत दुसरीच्या बाळाचे ऐकत पडावं लागतं. आज शेजारी कळव्याची एक मुलगी होती, जेमतेम बावीसची, शुगर वाढलेली, पहिल्यांदाच आलेली. आमच्यातला पडदा कोणी ओढला नव्हता. माझे लागले होते, तिचे सापडत नव्हते. माझ्या यंत्राचा आवाज खोलीभर घुमत होता आणि ती डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती. मी सिस्टरला म्हटलं, माझा आवाज कमी करा. सिस्टरने पटकन बटण फिरवलं. मला कळेना आपण हे आधी कधीच का मागितलं नाही.

"ताई, तुमचं पहिलं का?" तिने विचारलं.

"दुसरं."

"पहिल्याच्या वेळी पण असं शोधायला लागायचं?"

सिस्टर तिच्या पोटावर वाकली होती. "पाठ उजवीकडे दिसतेय तुझी बाळाची," ती सांगत होती, "हां, आता जरा वर येते मी."

"तेव्हा माझ्याशी कोणी बोलत नव्हतं," मी म्हणाले. "या बोलतात. तू ऐकत राहा."

तिने हात पलंगाबाहेर काढला. माझ्या एका हातात बटण होतं, दुसऱ्याने तिची बोटं धरली. सिस्टर बोलत होती. अजून थोडं वर. थांब, खोकू नकोस. मग तिचेही लागले, १५२, आणि त्याच वेळी माझं बाळ हललं. दोन्ही हात अडकलेले, बटण दाबायचं राहून गेलं.