पहाटे न दिसणारा लाल रंग

लाल पक्षी शोधावा लागत नाही, तो आपोआप नजरेत भरतो, असे मला बरीच वर्षे वाटत होते. सिंहगडाच्या पायथ्याशी आतकरवाडीच्या बाजूच्या दरीत एका जानेवारीत उजाडताना बसलो असता हा समज गेला. समोरच्या उंबरावर पाच-सहा पक्षी उतरले, शेंड्याशेंड्यांवरून किडे टिपू लागले, आणि त्यांतले नर मला संपूर्ण काळे दिसले. काही वेळाने ऊन झाडीत शिरले, तेव्हा त्याच पक्ष्यांची पोटे शेंदरी होऊन उजळली. तो निखार नावाच्या पक्ष्यांचा थवा होता.

अंधुक प्रकाशात आपल्या डोळ्यांतील ज्या पेशी काम करतात त्यांना तांबडा प्रकाश जवळजवळ जाणवतच नाही. त्यामुळे पहाटे हिरवे पान त्या मानाने उजळ आणि लाल पीस काळे दिसते. तेव्हापासून लाल पक्ष्यांसाठी मी ऊन वर आल्यानंतरची वेळ धरतो आणि त्याआधी फक्त ऐकत बसतो.

सह्याद्रीत मला सर्वांत प्रिय आहे तो विगर्सचा शिंजीर, म्हणजे फुलांतला मध पिणारा एक छोटा पक्षी. पश्चिम भारतातील डोंगररांगांखेरीज तो कोठेही आढळत नाही, आणि दख्खनच्या पक्ष्यांची यादी तयार करणाऱ्या कर्नल साइक्स यांनी 1832 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. नराच्या किरमिजी छातीवर बारीक पिवळ्या रेघा असतात; सावलीत त्या दिसत नाहीत, पण बांडगुळाच्या फुलांवर तो उन्हात लटकला की एकेक रेघ मोजता येते.

जैसलमेरच्या बाजूला वाळवंटात अडचण वेगळी होती. तेथे प्रकाश इतका प्रखर असतो की दुपारी सगळेच रंग विटल्यासारखे वाटतात, आणि ट्रम्पेटर फिंच या छोट्या पक्ष्याची गुलाबी झाक तर मुळातच दगडांत मिसळून जाणारी. खडकाळ माळावरून मी त्याच्या अगदी जवळून पुढे गेलो असतो. जत्रेतल्या पिपाणीसारखा त्याचा आवाज आला म्हणून थांबलो. तिरप्या उन्हात मात्र त्याची चोचही गुलाबी-नारिंगी दिसली.

लडाखच्या थंड वाळवंटात एकाच ओढ्याकाठी दोन प्रकारचे लाल पाहिले. काटेरी सीबकथॉर्नची फळे खाणाऱ्या पांढऱ्या पंखांच्या रेडस्टार्टच्या पोटाचा विटकरी रंग मेलॅनिनचा असतो, आणि ते रंगद्रव्य पक्ष्याचे शरीर स्वतः तयार करते. मोठ्या रोझफिंचचा गुलाबी-लाल रंग मात्र कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांतून येतो, आणि ती पक्ष्याला अन्नातूनच मिळवावी लागतात. म्हणूनच पिंजऱ्यात चुकीच्या खाण्यावर ठेवलेले रोझफिंच पुढच्या पीसगळतीनंतर फिके पडतात. हे कळल्यापासून पिंजऱ्यातला असा पक्षी पाहणे मला सोसत नाही.

त्याच कुळातला साधा रोझफिंच हिमालयात आणि त्याच्या पलीकडे वीण करून हिवाळ्यात आपल्या सिंहगडाच्या दरीत येतो. थव्यात बहुतेक तपकिरी माद्या आणि कोवळे नर असतात, त्यामुळे पुष्कळ जण त्यांना चिमण्या समजून पुढे जातात. मागच्या खेपेस मी तासभर तसाच थवा पाहत बसलो, आणि नऊच्या सुमारास करवंदीच्या जाळीच्या टोकावर लाल डोक्याचा एकच नर येऊन बसला.