खदानीतले पाणी आणि अहवालातला रकाना

तलाठी म्हणून माझ्याकडे असलेला सजा (गावांचा गट) वर्धा जिल्ह्याच्या उत्तर भागात, सातपुड्याच्या फाट्यांमध्ये आहे. यंदा मे महिन्यात खाणपट्ट्याच्या एका अर्जावर स्थळ पाहणी अहवाल देण्याचे काम माझ्याकडे आले. अहवाल देऊन झाला, सही झाली, प्रकरण पुढे गेले. तरी त्यातला एक रकाना माझ्या डोक्यातून जात नाही.

या अहवालाचा छापील नमुना असतो. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, गावठाणापासूनचे अंतर, रस्ता, वीजवाहिनी, जवळचा जलस्रोत, अशा रकान्यांतले बहुतेक तपशील सातबारा आणि गावनकाशा समोर ठेवून कार्यालयात बसून भरता येतात आणि पुष्कळदा तसेच भरले जातात. या अर्जासोबतचा आराखडाही डोंगर न चढता केलेला असावा, असे मला वाचतानाच वाटले. ‘जुनी, वापरात नसलेली, कोरडी दगडखाण’ असे त्यात लिहिले होते, आणि उपग्रहाच्या छायाचित्रात त्या जागी दिसणारा काळा डाग कड्याची सावली म्हणून सोडून दिलेला होता.

ऊन चढण्याआधी कोतवाल आणि गावातले एक वयस्कर काकाजी यांना सोबत घेऊन मी निघाले. काकाजींनी तरुणपणी वडिलांसोबत त्या खदानीत गोटा फोडला होता. पांदण संपली की चढ एकदम अंगावर येतो. आपल्याकडचे डोंगर लाव्ह्याच्या थरांवर थर साचून बनलेले आहेत, त्यामुळे चढणही टप्प्याटप्प्याची असते. कठीण काळ्या दगडाचा उभा कडा, मग मऊ, सच्छिद्र दगडाची थोडी सपाटी, आणि पुन्हा कडा. सच्छिद्र दगडाच्या पोकळ्यांत पांढरी, चकाकणारी खनिजे भरलेली असतात. समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या टेकडीवर, शेख फरीद बाबांच्या दर्ग्याजवळ सापडणारे गोटेही याच जातीचे. बंजाऱ्यांच्या मालाचा दगड झाला, अशी त्यांची आख्यायिका आहे. माझे पदवीचे शिक्षण भूगर्भशास्त्रातले असल्यामुळे या डोंगरात मला नेहमीच रस वाटत आला आहे. महसूल खात्यात त्या शिक्षणाचा उपयोग कोणी विचारत नाही.

वरच्या टप्प्यावर वाट अरुंद होते आणि सालई-धावड्याच्या झाडांमधून कड्याला बिलगून जाते. फोडलेला दगड दोर लावून याच वाटेने उतरवत, आणि त्याच्या घासण्याने खडकात पडलेली पन्हळ अजून स्पष्ट दिसते. वळणावर काकाजी थांबले, हातातल्या लोखंडी पहारेने एका शिळेवर ठोका दिला, मग शेजारच्या शिळेवर दिला, आणि म्हणाले, “बाई, आवाज आयका. हा वाजला, म्हणजे जात्याचा. हा बद्द बोलला, हा पायव्याचा.” दोन्ही शिळा डोळ्यांना सारख्याच दिसत होत्या. पहिलीचा आवाज घंटेसारखा स्वच्छ होता. दुसरीच्या पोटात कुठेतरी भेग होती.

खदानीची भिंत मी जवळून पाहिली. दगडाची नैसर्गिक रेघ धरून टाकीने पाडलेल्या छिद्रांची ओळ तिच्यावर आहे, आणि दोन छिद्रांमधले अंतर जवळजवळ सगळीकडे वीतभर आहे. त्यांत लोखंडी पाचरी बसवून घणाने ओळीने, एकेक ठोका देत जायचे. पाचरीचा आवाज बदलू लागला की घाई करायची नाही, नाहीतर चीर वाकडी जाते, हे काकाजींनी हाताने दाखवत सांगितले. खाली अर्धवट घडलेले एक जाते पडले होते. खुंट्याचे भोक निम्मे पाडून सोडलेले. गावातल्या जुन्या विहिरीचे बांधकाम आणि कितीतरी घरांचे पायवे इथल्या दगडाचे आहेत.

या भिंतीच्या पायथ्याशी, मे महिन्यात, पाणी होते. साचलेले हिरवे डबके नव्हे. भिंतीच्या बुडाशी लाल मातीच्या पातळ थरावरून झिरपत येणारे, गार, पिण्याजोगे पाणी. काठावर गुरांच्या खुरांचे ताजे ठसे होते. वरच्या सच्छिद्र थरात पावसाळ्यात मुरलेले पाणी त्या लाल थराशी अडते, बाजूने बाहेर येते आणि खदानीच्या अभंग तळावर साठते. तिथे सुरुंग लावले तर हा तळ फुटेल आणि पाणी खालच्या भेगांत उतरून जाईल. हे समजायला पदवी लागत नाही, काकाजी तेच त्यांच्या शब्दांत सांगत होते.

आणि माझ्या हातातल्या नमुन्यात ‘जवळचा जलस्रोत’ या रकान्यात विहीर, नाला, तलाव एवढेच पर्याय होते. अभिलेखात नोंद नसलेले पाणी त्यात कुठेच बसत नव्हते.

मी वेगळे सहपत्र जोडले. त्यात झिरप्याचे वर्णन, छायाचित्रे आणि निस्तारपत्रकाचा, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक वापराच्या हक्कांच्या नोंदीचा, आधार दिला. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारीसारखी पद्धत, १९५१ साली संपल्यानंतर गावाचे सामाईक हक्क कागदावर टिकले ते निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज (गावच्या वहिवाटींची नोंद) यांतून, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १६१ ते १६७ मध्ये विदर्भासाठी ती तरतूद आजही आहे. गुरांची चराई, मुरूम, दगड, माती हे सगळे त्यात येते. या गटाची नोंद गावकऱ्यांना घरगुती वापरासाठी दगड काढण्याची जागा अशीच निघाली.

माझ्या वरिष्ठांना सहपत्र अनावश्यक वाटले. लगतच्या गटाला झुडपी जंगलाची, म्हणजे खुरट्या झुडपांच्या जमिनीची, नोंद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी विदर्भातील झुडपी जंगल जमिनी वनच आहेत असा निर्णय दिल्यापासून अशा नोंदीजवळ कोणी सहजासहजी हात घालत नाही, तेव्हा तेवढा एक मुद्दा पुरेसा आहे, असे त्यांचे म्हणणे. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेल. पण उद्या मोजणी झाली आणि खदान त्या नोंदीच्या हद्दीबाहेर भरली, तर पाण्याच्या बाजूने एकही कागद उरणार नाही. माझा खाणकामाला विरोध नाही. रस्त्यांना गिट्टी लागते, आणि ती कुठल्या तरी डोंगरातूनच येते. ब्रासवर (शंभर घनफुटांच्या मापावर) स्वामित्वधन मोजणाऱ्या व्यवस्थेने त्याच जागेतले पाणीही एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढेच मला हवे आहे. सहपत्र मी काढले नाही.

ग्रामसभेने निस्तारपत्रकाची प्रमाणित नक्कल जोडून ठराव केला आहे, आणि संयुक्त पाहणी मान्य झाली आहे. तिची तारीख मात्र सप्टेंबरमधली आहे. सप्टेंबरमध्ये या डोंगरावरच्या प्रत्येक खड्ड्यात पाणी असते, आणि मग त्या पाण्याला कोणीही ‘पावसाचे साचलेले’ म्हणू शकते. पाहणी पुढच्या एप्रिल-मे महिन्यात ठेवावी आणि तोपर्यंत निर्णय घेऊ नये, असे पत्र मी कारणांसह दिले आहे. उत्तर अजून आलेले नाही.