तुम्ही विचारलंत म्हणून: एचपीव्हीची लस, दोन हजारांची की दहा हजारांची?

‘मुलगी बारा वर्षांची आहे. सर्व्हाव्हॅक द्यायची की गार्डासिल ९? किमतीत पाचपट फरक आहे, म्हणजे स्वस्तातली कमी प्रतीची का?’ मुलींच्या आया हे नेहमी विचारतात.

कमी प्रतीची नाही. एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) हा लैंगिक संबंधांतून पसरणारा विषाणू, गर्भाशयमुखाचा कॅन्सर त्याच्यामुळे होतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक विषाणूच्या चार प्रकारांवर चालते: ६, ११, १६ आणि १८. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला मुख्यतः १६ आणि १८ जबाबदार असतात, जगभरात सुमारे ७० टक्के आणि भारतात त्याहून जास्त. ६ आणि ११ मुळे जननेंद्रियांवर चामखिळी येतात. गार्डासिल ९ मध्ये ३१, ३३, ४५, ५२ आणि ५८ हे आणखी पाच प्रकार आहेत, त्यामुळे संरक्षण ९० टक्क्यांच्या आसपास जातं. सर्व्हाव्हॅकला २०२२ मध्ये मान्यता मिळाली, गार्डासिलचा अनुभव त्याहून बराच जुना. परवडत असेल तर नऊ प्रकारांची जरूर घ्या. पण ‘पैसे साठवून दोन-तीन वर्षांनी महागडी घेऊ’ हा हिशेब तोट्याचा आहे, कारण इथे वय ब्रँडपेक्षा मोठं.

लस संसर्ग टाळते, झालेला बरा करत नाही. म्हणून ती लैंगिक संबंध सुरू होण्याच्या खूप आधी हवी. शिवाय ९ ते १४ वयात प्रतिकारशक्ती इतका जोरदार प्रतिसाद देते की सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस पुरतात. पंधरावं पूर्ण झाल्यावर पहिला डोस घेतला, तर तीन लागतात: आज, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. चौदा वर्षं अकरा महिन्यांच्या मुलीसाठी महिनाभर टाळाटाळ म्हणजे एका डोसचा जादा खर्च. एचआयव्हीसारख्या कारणाने प्रतिकारशक्ती कमी असेल, तर लहान वयातही तीन.

गोंधळ होतो तो दुसऱ्या डोसला. परीक्षा किंवा गावाला जाणं म्हणून तो चौथ्याच महिन्यात उरकला, तर दोन डोसांतलं अंतर पाच महिन्यांहून कमी पडतं आणि तिसरा घ्यावा लागतो. उशीर झाला तर मात्र काही बिघडत नाही. राहिलेला डोस घ्या, पहिल्यापासून सुरुवात नको. शक्यतो ब्रँड तोच ठेवा, म्हणून कार्डावर नाव आणि बॅच नंबर लिहून घ्या.

लस २ ते ८ अंश तापमानात राहायला हवी. गोठली तर वाया गेली, कारण तिच्यातला ॲल्युमिनियमचा घटक गुठळ्या धरतो आणि परिणाम जातो. तेव्हा औषधाच्या दुकानातून आणून घरच्या फ्रीजरजवळ ठेवू नका. दवाखान्यातल्या साठ्यातलीच घ्या.

इंजेक्शन दंडात, अर्धा मिली. दंड दुखतो, कधी अंग गरम होतं. या वयातल्या मुली सुई टोचल्यावर कधी कधी चक्कर येऊन पडतात, तेव्हा पंधरा मिनिटं बसवून ठेवा. यीस्टची तीव्र ॲलर्जी असेल तर आधी सांगा. गरोदरपणात लस देत नाहीत. मध्येच दिवस गेले तर उरलेले डोस बाळंतपणानंतर. आधी एचपीव्हीची तपासणी करायची गरज नाही.

मुलग्यांनाही देता येते. सर्व्हाव्हॅकला ९ ते २६ वयाच्या मुलग्यांसाठीही मान्यता आहे. आणि आईंनो, लस मुलीची झाली तरी तिशीनंतरची गर्भाशयमुखाची तपासणी तुमची राहतेच. पुढे तिशीत ती मुलीलाही करावी लागेल, कारण कोणतीच लस सगळे प्रकार अडवत नाही.